पावसाळ्यापूर्वी वायपर बदलायचे आहेत, कोणते घ्यावेत?

घाटवाट

नमस्कार. माझी हॅचबॅक गाडी सात वर्षांची आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी मी पुण्याहून महाडला आईकडे जाते, त्यामुळे पावसाळ्यात वरंधा घाट आणि तो बंद असेल तेव्हा ताम्हिणी हे माझे ठरलेलेच रस्ते आहेत. गेल्या जूनमध्ये समोरचे दोन्ही वायपर बदलले. चालकाच्या बाजूचा २२ इंची आणि शेजारचा १६ इंची. तोवर मी फ्रेमचे, म्हणजे लोखंडी सांध्यांचे जुन्या पद्धतीचे वायपर वापरत होते. या वेळी दुकानदाराच्या आग्रहावरून फ्रेमलेस घेतले आणि जोडीला अकराशे रुपये मोजले.

पहिले काही आठवडे काच आरशासारखी पुसली जात होती. ऑगस्टपासून मात्र चालकाच्या बाजूचा वायपर वर जाताना मुकाट जातो आणि खाली येताना थडथडत येतो. शिवाय माझ्या बरोबर नजरेसमोर चार बोटे रुंदीचा एक पट्टा पुसलाच जात नाही. दिवसा मान वाकडी करून भागते, पण रात्री घाटात समोरून ट्रक आला की त्याच्या दिव्यांचा उजेड त्या ओल्या पट्ट्यात असा पसरतो की दोन क्षण रस्त्याची कडाच दिसत नाही.

आता पुन्हा मे संपत आला आहे. कोणत्या कंपनीचे वायपर घ्यावेत, फ्रेमचे की फ्रेमलेस, आणि महागडे घेतल्याने खरोखर फरक पडतो का, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

ठाणेकर

गाडी ज्या कंपनीची आहे, तिच्याच अधिकृत सुट्या भागांच्या दुकानातून तिच्याच नावाच्या खोक्यातला वायपर घ्यावा. माप, हूक आणि काचेचा बाक हे सारे त्या गाडीसाठीच ठरवलेले असते. गेली चौदा वर्षे मी दुसरा विचार केलेला नाही आणि त्याचा पश्चात्तापही झालेला नाही.

सह्यकडा

ठाणेकर यांचा सल्ला सुरक्षित आहे, पण त्यात धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फ्रेमच्या वायपरमध्ये दांड्याचा दाब आधी मधल्या कमानीवर येतो, तिथून दोन छोट्या कमानींवर आणि त्यांच्या टोकांच्या चिमट्यांतून रबरावर. मोठ्या वायपरला असे सहा ते आठ चिमटे असतात. प्रत्येक कमान आपल्या खिळ्याभोवती हलत असल्यामुळे काच कुठे जास्त आणि कुठे कमी वाकलेली असली, तरी रबर तिच्या बाकाशी जुळवून घेते. याचा तोटा असा, की चिमट्यांपाशी दाब जास्त आणि दोन चिमट्यांच्या मध्ये कमी पडतो, आणि सांध्यांत धूळ व गंज साचला की कमान अडकून बसते.

फ्रेमलेस वायपरमध्ये रबराच्या पाठीशी स्प्रिंगच्या पोलादाची आधीच बाक दिलेली पट्टी असते. दाब सलग आणि सारखा पडतो, सांधे नसल्यामुळे अडकण्याचा प्रश्न येत नाही, आणि पाठीवरच्या रबरी पंखामुळे वारा वायपरला काचेवरून उचलण्याऐवजी काचेवर दाबतो. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना हा फरक स्पष्ट जाणवतो. तुमच्या घाटात गाडी तीस-चाळीसच्या पुढे जातच नसेल, तर या गुणासाठी जास्तीचे पैसे का मोजायचे, हा प्रश्न उरतोच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. या पट्टीचा बाक कारखान्यातच ठरलेला असतो. तो तुमच्या काचेच्या बाकाशी जुळला तर उत्तम. जुळला नाही, तर त्याला जुळवून घेण्याची सोय नाही.

खवचट_खान

सर्वांत स्वस्त उपाय असा, की पावसाळ्याचे चार महिने आईलाच पुण्यात बोलावून घ्यावे. वायपरचे अकराशे वाचतील आणि शुक्रवारी गरम भजी मिळतील.

घाटवाट

खवचट, आई भाताची लावणी सोडून पुण्यात येईल त्या वर्षी मी वायपरच काय, गाडीच विकेन.

लाल_डबा

मी एसटीच्या कार्यशाळेत तेहतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे. घाटवाटताईंनी नकळत फार मोलाची माहिती दिली आहे आणि अद्याप कोणीही तिच्याकडे लक्ष दिलेले नाही. वायपर वर जाताना मुकाट जातो आणि फक्त खाली येतानाच थडथडतो, असे त्या म्हणतात. जो दोष एकाच दिशेने दिसतो, तो बहुधा रबराचा नसतो.

वायपरच्या रबराची कड काचेवर सरळ उभी राहून चालत नाही. ती थोडी मागे झुकून, ओढल्यासारखी सरकते. वायपर दिशा बदलतो त्या क्षणी ही कड टुक करून दुसऱ्या अंगावर पडते आणि परतीच्या फेरीतही ओढलीच जाते. आता समजा, दांडाच किंचित पिळला गेला आहे. मग रबर काचेशी काटकोनात न राहता आधीच एका अंगाला कललेले असते. एका दिशेने जाताना ते ओढले जाते, म्हणून गुपचूप जाते. परतताना मात्र कड पलटत नाही. ती काचेत टोचत पुढे ढकलली जाते, अडते, सुटते, पुन्हा अडते. थडथड होते ती त्याचीच. अशा दांड्यावर सोन्याचे रबर चढवले तरी ते थडथडणारच.

हे तपासण्यासाठी एक रुपयाही लागत नाही. काच ओली करून वायपर सुरू करावा आणि तो काचेच्या मधोमध आला की किल्ली बंद करावी, म्हणजे तो तिथेच थांबेल. मग खाली उतरून वायपरच्या टोकाकडून, एक डोळा मिटून, सुतार फळी पाहतो तसे पाहावे. रबर काचेवर काटकोनात उभे दिसले पाहिजे. ते एका बाजूला झुकलेले दिसले, तर आजार दांड्याचा आहे. गाडी धुणारी मुले दांडा पकडून उचलतात, कापड अडकले की ओढतात. दांडा पिळला जाण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

काचमित्र

लाल डबा काकांचे निदान योग्य वाटते, तरी थडथडण्याचे अधिक सार्वत्रिक कारण काचेवरचा तेलकट थर हे असते, असे माझे मत आहे. डिझेलचा धूर, रस्त्यावरचे तेल, धुलाईकेंद्रात फासलेली चकाकीची द्रव्ये, झाडांचा चीक, हे सारे मिळून काचेवर जो पापुद्रा तयार होतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि साध्या पाण्याने निघत नाही. काचेवर मगभर पाणी ओतून पाहावे. स्वच्छ काचेवर पाणी सलग पदर होऊन उतरते. तेलकट काचेवर ते फाटते, जागोजागी थेंब आणि बेटे होतात.

भांडी घासण्याचा द्रव पाण्यात कालवून मऊ स्पंजने काच दोन वेळा घासावी आणि भरपूर पाण्याने धुवावी. तेवढ्याने गेले नाही, तर सेरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून काच ओली ठेवतच हाताने घासावी. काचेच्या कामाच्या दुकानांत ती मिळते. शेवटी ओल्या, स्वच्छ कापडाने रबराची कडही दोनदा पुसून घ्यावी. पहिल्या पुसण्यात कापडावर उमटणारी काळी रेघ पाहिली, की आपण काय घेऊन काच पुसत होतो ते कळते. मात्र पेट्रोल किंवा थिनर रबराला लावू नये. नव्या रबरावर ग्रॅफाइटचा मुलामा असतो आणि त्यामुळेच ते घसरत चालते. तो मुलामा घालवण्यात शहाणपण नाही.

लाल_डबा

काचमित्र, तेलकट काच दोन्ही दिशांना सारखीच बोलते. बाकी तुमचे सर्व मान्य आहे, आणि ताईंनी काच आधी धुऊनच दांडा तपासावा, म्हणजे दोन शंका एकदम मिटतील.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या अकोल्याकडे वायपर पावसाने झिजत नाही, तो उन्हाने मरतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, गाडी उघड्यावर उभी असते, आणि काचेला टेकलेले रबर दिवसभर तव्यावर ठेवल्यासारखे भाजत राहते. ऊन आणि हवेतला ओझोन मिळून नैसर्गिक रबराला बारीक भेगा पाडतात. कडेवरून अंगठ्याचे नख फिरवले की करवतीसारखे दाते हाताला लागतात. त्यामुळे मार्चमध्ये सवलतीचा फलक लागला म्हणून नवे वायपर घेऊन लगेच बसवणे म्हणजे पावसाळ्याआधीच त्यांचे निम्मे आयुष्य उन्हाला देऊन टाकणे होय. आम्ही मृगाच्या आदल्या आठवड्यात नवी जोडी बसवतो आणि जुनी डिकीत ठेवतो.

पावसाळा संपल्यावर सिलिकोनचे रबर घेऊन पाहण्याचाही माझा विचार आहे. ते उन्हाला नैसर्गिक रबरापेक्षा पुष्कळ जास्त दाद देते, असे वाचले आहे.

सह्यकडा

वऱ्हाडी, "दाद देते" म्हणजे उन्हापुढे ते लवकर हार मानते असा अर्थ होईल. तुम्हाला "दाद देत नाही" म्हणायचे असावे. सिलिकोन उन्हात खरोखरच टिकते, पण ते काचेवर स्वतःचा पाणी झटकणारा पातळ थर सोडते आणि तो नीट बसेपर्यंत काही गाड्यांत कुरकुर ऐकू येते. किंमतही नेहमीच्या रबराहून बरीच जास्त असते.

वऱ्हाडी_ठेचा

चूक मान्य. सिलिकोन दाद देत नाही आणि आमचा उन्हाळाही देत नाही.

नाशिकची_द्राक्षे

पूर्ण वायपर बदलायची गरजच काय? केवळ रबर बदलून घेतले, तर शंभर-सव्वाशे रुपयांत काम होते. माझ्या गाडीच्या फ्रेमला पाच वर्षे झाली आहेत आणि दर वर्षी मी तिच्यात नवे रबर सरकवतो.

ठाणेकर

असे रबर सिग्नलवर गुंडाळी करून विकणाऱ्यांकडून घेतले असेल, तर आपले धाडस वाखाणण्यासारखे आहे. त्या पट्टीला धड कडही नसते. ती काच पुसत नाही, पाणी इकडचे तिकडे करते.

नाशिकची_द्राक्षे

सिग्नलवरचे नव्हे. सुट्या भागांच्या दुकानात माप सांगून मागितले, तर चांगल्या प्रतीचे रबर मिळते. जुने रबर काढताना त्याच्या दोन्ही कडांना असलेल्या पोलादी सळया नीट जपून ठेवाव्या लागतात, कारण रबराला ताठपणा त्यांच्यामुळेच येतो. या सळयांना किंचित बाक असतो आणि नव्या रबरात त्या बसवताना तो बाक दोन्हीकडे एकाच बाजूला यावा लागतो. पहिल्या वर्षी मी एक सळई उलटी घातली होती आणि वायपर सापासारखा वळवळत चालला होता. रबराची रुंदीही पाहावी लागते. अरुंद पट्टी चिमट्यांत सैल बसते आणि ऐन पावसात सरकून बाहेर लोंबू लागते.

फ्रेमच्या सांध्यांत ढिलेपणा आला असेल, तर मात्र रबर बदलून उपयोग नाही. तिथे ठाणेकर यांचे म्हणणे मान्य करावे लागेल.

बर्फाळ_बाळू

टोरांटोहून लिहीत आहे. फ्रेमलेस वायपर इकडे एवढे का रुजले, त्याचे कारण भारतातल्या चर्चांत क्वचितच येते. हिवाळ्यात फ्रेमच्या सांध्यांत बर्फ गोठतो, कमानी आखडतात आणि वायपर काठीसारखा ताठ होऊन काचेच्या मध्यभागालाच घासत राहतो. म्हणून पूर्वी हिवाळ्यासाठी संपूर्ण फ्रेमवर रबराचे बूट चढवलेले वेगळे वायपर वापरत, आणि ते आजही मिळतात. बॉशने १९९९ मध्ये एरोट्विन हा बिनसांध्यांचा वायपर आणला. सांधेच नाहीत, तेव्हा गोठायला जागाही कमी. सांध्यांत बर्फ गोठण्याची अडचण वरंध्यात येत नाही, त्यामुळे फ्रेमलेसचा तो गुण तुमच्यासाठी कामाचा नाही.

एक सावधगिरीची सूचना. परदेशातून कोणी नातेवाईक भेट म्हणून वायपर आणणार असेल, तर त्याला थांबवावे. मी तो उद्योग करून चुकलो आहे. इकडे चालक डावीकडे बसतो आणि भारतात उजवीकडे, त्यामुळे दोन्हीकडच्या वायपरची फेरी आरशातल्यासारखी उलटी असते. ज्या वायपरच्या पाठीवरचा पंख एकाच अंगाला उतरता असतो, तो भावाच्या गाडीला बसवल्यावर पंखाचे तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला आले. वायपर बसला छान. वेग वाढला की मात्र उडू पाहायचा.

चिपळूण_एक्सप्रेस

हूकविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांच्या दांड्याचे टोक छत्रीच्या मुठीसारखे वळवलेले असते आणि त्याला जवळजवळ सर्व वायपर बसतात. काही गाड्यांत मात्र बाजूने खिळा किंवा दाबायची कळ असते. वायपरच्या खोक्यात प्लॅस्टिकचे तीन-चार जोडतुकडे दिलेले असतात. योग्य तो दुकानातच बसवून घ्यावा. गेल्या वर्षी कशेडी घाटाच्या पायथ्याशी पेट्रोलपंपाच्या छपराखाली उभा राहून, मोबाइलचा दिवा दातांत धरून, तो नखाएवढा तुकडा हुकात सरकवण्याचा मी अर्धा तास प्रयत्न केला. शेवटी पंपावरच्या मुलाने तो उलटा फिरवला आणि टक् असा आवाज येऊन तो बसला. हा टक् आवाज आल्याशिवाय गाडी सुरू करू नये.

अनामिका_सांगली

आणि वायपर काढलेला उघडा दांडा उभा करून ठेवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी तो तसा ठेवून खोके उघडायला वळले, वाऱ्याची झुळूक आली की माझा पदर लागला ते देव जाणे, पण स्प्रिंगच्या जोराने दांड्याचे लोखंडी टोक काचेवर आपटले. हरभऱ्याएवढी खूण झाली. ती संध्याकाळपर्यंत वीतभर चीर झाली. तीनशे रुपयांचा वायपर मला साडेसात हजारांना पडला. आता मी आधी काचेवर जाड टॉवेलाची चौघडी अंथरते आणि मगच दांड्याला हात लावते.

ग्रंथपाल

दांड्याच्या स्प्रिंगचा विषय निघालाच आहे, तर एक ऐतिहासिक टिपण जोडतो. अलाबामातील मेरी अँडरसन या बाईंनी न्यूयॉर्कच्या ट्रामचा चालक गोठणाऱ्या पावसात समोरची काच उघडी ठेवून ट्राम हाकताना पाहिला आणि काच पुसण्याचे साधन कल्पिले. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना त्याचे पेटंट मिळाले. आतून हाताने फिरवायच्या त्या साधनातही रबराचे पाते काचेवर दाबून ठेवण्याची वेगळी योजना होती. पाते कोणते, याच्याइतकाच ते किती दाबले जाते, हा प्रश्न तेव्हाही महत्त्वाचा मानला गेला होता.

आपल्याकडे यंत्रशक्तीने चालणारा कार्यक्षम वायपर असणे हा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ चा भाग आहे. तेव्हा ताईंचा न पुसला जाणारा पट्टा केवळ गैरसोयीचा आहे, असे समजू नये.

खवचट_खान

लाल डबा काका, जुन्या लाल गाड्यांना वायपर फक्त चालकापुरता असायचा आणि तोही मनात आले तरच फिरायचा, असे आठवते. नियम १०१ तुमच्या कार्यशाळेपर्यंत पोहोचायला वेळ लागला का?

लाल_डबा

प्रवाशांनी रस्ता पाहून घाबरू नये, म्हणून ती सोय होती.

गमतीचा भाग सोडला, तरी घाटात वायपर बंद पडला की चालक तंबाखूची चिमूट ओली करून काचेवर चोळायचे. त्याने थेंब फुटून पाणी पसरते आणि थोडा वेळ बरे दिसते. डेपो गाठण्यापुरता तो तोडगा होता. आज कोणी तो वायपरला पर्याय म्हणून सांगू लागला, तर ऐकू नये.

ग्रंथपालांनी दाबाचा मुद्दा काढला, ते बरे झाले, कारण ताईंच्या दुसऱ्या तक्रारीचे, म्हणजे मधल्या पट्ट्याचे उत्तर मला तिथेच दिसते. फ्रेमलेसच्या पट्टीचा बाक काचेपेक्षा थोडा जास्तच ठेवलेला असतो. आधी तिची टोके टेकतात, आणि दांड्याच्या स्प्रिंगने मधोमध दाबले की ती सपाट होऊन सगळीकडे सारखी बसते. सात वर्षांच्या गाडीत दांड्याच्या बिजागरीत चिखल आणि गंज बसून स्प्रिंगचा जोर पूर्ण पोहोचत नसेल, तर टोके पुसतात आणि मध्य अधांतरी राहतो. ताई, वहीचा पातळ कागद रबराखाली घालून एकदा टोकाशी आणि एकदा मध्यभागी ओढून पाहावा. कुठे घट्ट लागतो आणि कुठे सुटतो, ते इथे लिहावे.

घाटवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात मी सर्व परीक्षा केल्या. कुत्रा फिरवायला निघालेले तीन शेजारी थांबून सल्ले देऊन गेले, ते वेगळेच.

काच आधी भांड्यांच्या द्रवाने दोनदा धुतली. पाणी सलग उतरू लागले, तरीही थडथड तशीच राहिली, त्यामुळे काचमित्र यांची शंका माझ्यापुरती फिटली. मग वायपर मधोमध थांबवून टोकाकडून पाहिले. शेजारचा १६ इंची काटकोनात उभा होता, आणि माझ्या बाजूचा बाहेरच्या कडेकडे स्पष्ट झुकलेला होता. ऑगस्टच्या सुरुवातीला मी गाडी एका धुलाईकेंद्रात दिली होती, हे तेव्हा आठवले.

कागदाची परीक्षा तर डोळे उघडणारी ठरली. दोन्ही टोकांशी कागद ओढताना फाटला. मध्यभागी तो विनासायास, पुस्तकातून खूण काढावी तसा निघून आला.

लाल_डबा

मग आता नवे काही विकत घेण्याआधी पुढील कामे करून घ्यावीत. बिजागरीत गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन-चार थेंब सोडून दांडा वीस-पंचवीस वेळा वर-खाली करावा. काचेवर तेल सांडू देऊ नये. दांड्याचा पीळ एखाद्या जुन्या जाणत्या मिस्त्रीकडून काढून घ्यावा. वायपर उतरवून, काचेवर टॉवेल घालून, दांडा उचलून धरायचा आणि कापड गुंडाळलेले दोन पाने लावून टोक किंचित उलट पिळायचे. काम फार तर दोन-तीन अंशांचे असते. जोर काचेवर किंवा खालच्या नटावर येता कामा नये. सर्व्हिस सेंटरात पूर्ण दांडाच बदलायला सांगतील. तेही चूक नाही, पण महाग आहे.

ठाणेकर

मी माझे पहिले मत थोडे दुरुस्त करतो. कंपनीचाच वायपर घ्यावा, पण दांडा सरळ केल्यानंतर.

घाटवाट

दहा दिवसांनी पुन्हा लिहीत आहे, कारण मध्ये पाऊसच नव्हता.

आमच्या भागातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी पीळ काढला. त्यांनी दोनदा पाने लावले, दोनदा डोळा मिटून पाहिले आणि शंभर रुपये घेतले. बिजागरीतून तेलाबरोबर तांबूस चिखल निघाला. जुनाच फ्रेमलेस वायपर परत बसवला, तर थडथड पूर्णपणे थांबली, म्हणजे दहा महिने मी ज्याला शिव्या दिल्या तो या बाबतीत निर्दोष होता. मधला पट्टा मात्र चार बोटांचा दोन बोटांवर आला आणि तिथेच अडला. म्हणून चालकाच्या बाजूला गाडीच्या कंपनीचा २२ इंची फ्रेमचा वायपर साडेतीनशे रुपयांना घेतला. कागद आता टोकाला आणि मध्याला सारखाच अडतो.

शुक्रवारी ताम्हिणीत मुळशीच्या पुढे पहिला खरा पाऊस लागला. दिवे लागणीची वेळ होती, डोंगरवाडीच्या वळणावर समोरून दुधाचा टँकर आला आणि मला त्याच्या दिव्यांच्या पलीकडची पांढरी रेघ दिसली. वायपर वरच्या टोकाला पोहोचून परतताना रबर पलटल्याचा तो बारीक टुक आवाजही ऐकू आला. लाल डबा काका, तुम्ही लिहिला नसता, तर त्याच्याकडे माझे कधीच लक्ष गेले नसते.

शेजारच्या बाजूला अजून फ्रेमलेसच आहे, कारण तो उत्तम चालतो. दोन बाजूंना दोन जातींचे वायपर दिसायला विजोड आहेत, पण चालतील ना?

सह्यकडा

लांबी योग्य असेल आणि दोघे एकमेकांना अडत नसतील, तर बिनदिक्कत चालतील.

खवचट_खान

आमच्या सोसायटीतल्या निम्म्या जोड्या तशाच आहेत आणि वर्षानुवर्षे चालल्या आहेत. आईंची लावणी कुठवर आली?

घाटवाट

रोपे अजून वीतभरच आहेत. मागच्या काचेच्या वायपरचा दांडाही गंजून अडकलेला दिसतो, तेव्हा काका, त्याच्यासाठी नवा धागा काढू की इथेच विचारू?

लाल_डबा

इथेच विचारावे. आधी कागद लावून पाहावा.